घरागणिक ऊब

पायाखाली गॅस

नेदरलँड्सच्या उत्तरेला, वाडन समुद्रात, आमेलांड नावाचं एक बेट आहे. लांबी पंचवीसेक किलोमीटर, रुंदी जेमतेम तीन-चार. वस्ती पावणेचार हजारांच्या आसपास आणि गावं चार: होलुम, बालुम, नेस आणि ब्यूरेन. बेटाच्या पूर्व टोकाला, वाळूच्या टेकड्यांपलीकडे, १९८६ सालापासून जमिनीखालचा नैसर्गिक वायू काढला जातो. इतकी वर्षं उपसा चालल्यामुळे तिथली जमीन मधोमध तीस सेंटिमीटरहून जास्त खचली आहे. भरतीचं पाणी आता कुठवर चढतं, कुठलं गवत मरतं, कुठले पक्षी घरटी करेनासे होतात, याच्या नोंदी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं ठेवत आले आहेत. आमेलांडच्या माणसाला गॅस म्हणजे दूरदेशीची वस्तू नाही, ती त्याच्या पायाखालीच आहे. आणि याच बेटावर लोक आता घरातला गॅसचा बॉयलर काढायच्या तयारीला लागले आहेत.

या वर्षीच्या अंकाचा विषय ‘ऊब’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला आधी शेगडी, गोधडी, आजीच्या खोलीतली बंब तापवायची लाकडं असलंच काहीबाही सुचत होतं. माझी भाची ग्रोनिंगन शहरात नोकरी करते. तिच्याशी फोनवर बोलताना ती म्हणाली, “मावशी, इथे ऊब हा राजकारणाचा विषय आहे. ये आणि बघ.” फेब्रुवारीच्या अखेरीस मी गेले. डच बोलणाऱ्या या भाचीमुळेच पुढच्या सगळ्या गप्पा मला समजल्या.

होलवर्डच्या धक्क्यावरून आमेलांडची फेरी सुटते. साधारण पन्नास मिनिटांचा प्रवास, पण वाट सरळ नाही. हा समुद्र उथळ आहे, ओहोटीला त्याचा तळ उघडा पडतो, खाडीत गाळ सतत साचतो आणि बोटीला वळणं घेत पाण्याची खोली शोधत जावं लागतं. बोट उशिरा निघाली. बेटावर जाणारी प्रत्येक वस्तू याच वाटेनं जाते: दूध, विटा, पर्यटक आणि हीट पंपसुद्धा. माझ्या शेजारी कामाचे कपडे घातलेले दोन तरुण बसले होते. खाली त्यांची व्हॅन उभी होती, तिच्यात तांब्याच्या नळ्यांची वेटोळी आणि पुठ्ठ्यात बांधलेली दोन मोठी खोकी. रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतणार, असं त्यांनी सांगितलं. हा मुक्काम बिलात लागतो.

सगळा देश एका दमात

गॅस इथे कसा आला हे पाहिल्याशिवाय तो जाताना इतका त्रास का देतो हे कळत नाही.

१९५९ साली ग्रोनिंगन प्रांतात, स्लोख्टरेनजवळ, युरोपातलं सर्वांत मोठं वायूचं क्षेत्र सापडलं. त्याआधी डच घरं कोळशावर, रॉकेलच्या शेगड्यांवर आणि कोळशापासून शहरात बनवलेल्या गॅसवर तापत. १९६०च्या दशकात सरकारनं देशभर नळ्या टाकल्या. गल्लीत खोदकाम व्हायचं, मग कामगारांच्या टोळ्या दारोदार जाऊन शेगड्यांचे बर्नर बदलायच्या, कारण नव्या गॅसला जुने बर्नर चालत नव्हते. एका गल्लीचं काम आटोपलं की पुढची गल्ली. तुम्हाला नळी हवी का, असं फारसं कुणी विचारलं नाही आणि विचारायची गरजही पडली नाही. गॅस स्वस्त होता, स्वच्छ होता, कोळशाची बादली जिन्यावरून वाहायची कटकट संपत होती. १९६५ साली लिम्बर्गमधल्या कोळशाच्या खाणी बंद करायचं जाहीर झालं, १९७४ साली शेवटची खाण मिटली. दहापैकी नऊहून जास्त घरं गॅसवर आली. एका पिढीला तर घर तापवायचा दुसरा काही मार्ग असतो हे पाहायलाही मिळालं नाही.

मग जमीन हलू लागली. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आकडा आपल्याला किरकोळ वाटेल. पण हे धक्के उथळ असतात आणि तिथली विटांची घरं भूकंप गृहीत धरून बांधलेलीच नाहीत. भिंती तडकल्या, धूर बाहेर नेणाऱ्या चिमण्या पडल्या, नुकसानभरपाईचे दावे लाखांत गेले. २०१८ साली सरकारनं ग्रोनिंगनचा उपसा थांबवायचं ठरवलं. त्याच वर्षीच्या जुलैपासून नव्या घरांना गॅसची जोडणी देणं बंद झालं. १ ऑक्टोबर २०२३ रोजी उपसा थांबला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो कायमचा बंद करणारा कायदा झाला. मधल्या काळात युक्रेनचं युद्ध पेटलं आणि २०२२च्या हिवाळ्यात गॅसची बिलं पाहून लोकांनी दिवाणखान्याखेरीज बाकीच्या खोल्या गार ठेवल्या. २०२३ साठी सरकारनं घरगुती गॅसचा दर, वर्षाला १,२०० घनमीटरपर्यंत, १ युरो ४५ सेंटवर बांधून दिला. तो नसता तर अनेकांचं काही खरं नव्हतं.

२०५० पर्यंत देशातली सत्तर लाख घरं गॅसमुक्त करायची, असं २०१९च्या हवामान करारात ठरलं. पण या वेळी दारोदार टोळ्या पाठवून एका दमात काम उरकत नाही. नवा बर्नर लावून भागणार नाही, घराच्या भिंती, खिडक्या, रेडिएटर, विजेची जोडणी, घरमालकाचं वय आणि त्याच्या बँकेतली शिल्लक, सगळ्यालाच हात लागतो. गॅस सगळ्यांकडे एकसारखा आला. जाताना मात्र तो प्रत्येक घरातून वेगळ्या वाटेनं जातो, आणि ती वाट त्या घरात शिरूनच शोधावी लागते. आमेलांडवर मी जे पाहिलं ते मुख्यतः हे शोधकाम.

गार हवेतली उष्णता

गॅस काढल्यावर त्या जागी बहुतेक घरांत हीट पंप येतो. आपल्याकडच्या एसीत जे यंत्र असतं तेच हे, फक्त उलट दिशेनं चालणारं. एसी खोलीतली उष्णता ओढून बाहेर टाकतो, हीट पंप बाहेरची उष्णता ओढून आत आणतो. बाहेर पाच अंश असताना कसली उष्णता, हा प्रश्न मीही विचारला. उत्तर यंत्रातल्या द्रवात आहे. नव्या यंत्रांत बऱ्याचदा प्रोपेन असतो आणि तो उणे ४२ अंशांना उकळतो. त्याच्या मानानं पाच अंशांची हवा भरपूर गरम आहे. त्या हवेनं प्रोपेनची वाफ होते, कंप्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यावर ती तापते आणि आपली उष्णता घरातल्या पाण्याला देऊन पुन्हा द्रव होते. विजेचं काम फक्त दाबण्याचं. म्हणून एक युनिट वीज खर्चून तीन, कधी चार युनिट उष्णता घरात येते. गॅसचा उत्तमातला उत्तम बॉयलरही जळलेल्या इंधनापेक्षा जास्त उष्णता देऊ शकत नाही.

पण या हिशोबाला एक अट आहे. पाणी जितकं जास्त तापवायचं तितका कंप्रेसरला जोर जास्त लागतो आणि फायदा घटतो. जुना गॅस बॉयलर रेडिएटरमध्ये सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी सोडतो. हीट पंपाला पस्तीस ते पंचावन्न अंश मानवतात. म्हणजे तेवढ्याच कोमट पाण्यावर घर गरम राहिलं पाहिजे. त्यासाठी एकतर भिंती-खिडक्यांतून उष्णता कमी गळली पाहिजे किंवा रेडिएटर मोठे हवेत. बहुतेक घरांना दोन्हींतलं थोडं थोडं लागतं.

यातूनच मधला मार्ग निघाला, हायब्रिड. छोटा हीट पंप बसवायचा आणि गॅसचा बॉयलर शेजारी तसाच ठेवायचा. वर्षातल्या बहुतेक दिवशी पंप काम करतो, कडाका पडला की बॉयलर मदतीला येतो. निम्म्याहून जास्त गॅस वाचतो आणि घराची तोडफोड होत नाही. आमेलांडवर काही वर्षांपूर्वी असे शंभराहून जास्त हायब्रिड पंप बसवले गेले. याला अर्धवट उपाय म्हणून नाक मुरडणारे लोक आहेत, कारण नळी घरात राहतेच. मला त्यांचं पटलं नाही. बुजलेल्या माणसाला यंत्राची सवय होऊ देणं हेही काम आहे, आणि बॉयलर म्हातारा होऊन बंद पडेपर्यंत घराच्या भिंती सुधारायला सवड मिळते. केंद्र सरकारलाही हे पटलं होतं. २०२६ पासून बॉयलर बदलताना किमान हायब्रिड घ्यावाच लागेल, असं २०२२ मध्ये जाहीर झालं. २०२४ मध्ये नवं सरकार आलं आणि त्यानं तो नियम गुंडाळला. होलुममध्ये मला भेटलेल्या प्रत्येकानं ही गोष्ट रागानं सांगितली. नियम कडक की सैल याचा राग नव्हता, तो सारखा बदलतो याचा होता. वीस वर्षं चालणारं यंत्र घेणाऱ्याला दोन वर्षं टिकणारं धोरण काय कामाचं?

पन्नास अंशांची परीक्षा

होलुम हे बेटाच्या पश्चिमेचं गाव. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा बिडाचा दीपस्तंभ १८८० पासून इथे उभा आहे. गावात सतराव्या-अठराव्या शतकात देवमाशांच्या शिकारीवर जाणाऱ्या कप्तानांची विटांची घरं आहेत, बुटकी, उतरत्या कौलांची, देखणी. अशा अनेक घरांना राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण आहे. त्यांना बाहेरून इन्सुलेशनचा थर लावता येत नाही आणि खिडकीच्या बारीक लाकडी चौकटीत जाड तिहेरी काच मावत नाही.

मी गेले ते घर मात्र साधं होतं, १९७०च्या दशकातलं. मालकीण निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. त्यांच्याकडे त्या दिवशी गावातलेच एक गृहस्थ आले होते. त्यांनी जन्मभर प्लंबिंगचं काम केलं, आता शेजाऱ्यापाजाऱ्यांना सल्ला देतात, विकत काही नाहीत. बाईंनी कॉफी ठेवली आणि सोबत प्रत्येकाला मोजून एक बिस्किट. मग दराजातून तीन कंत्राटदारांची कोटेशनं काढून टेबलावर मांडली. तिघांनी तीन वेगवेगळ्या क्षमतांची यंत्रं सुचवली होती, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांच्या आकड्यांत जवळपास दुपटीचा फरक. “मी गणित शिकवायचे,” बाई म्हणाल्या, “आणि मला यातलं काही कळत नाही.”

गृहस्थांनी कोटेशनं बाजूला सारली आणि गेल्या तीन वर्षांची गॅसची बिलं मागितली. वर्षाला किती घनमीटर जळतो, त्यातला अंघोळीचा आणि स्वयंपाकाचा वजा केला की घरातून किती उष्णता गळते याचा अंदाज येतो, आणि त्यावरून यंत्र किती मोठं हवं ते ठरतं. एका कंत्राटदारानं हे न विचारताच नुसत्या चौरस मीटरवरून यंत्र ठरवलं होतं. ते कोटेशन तिथेच बाद झालं. गरजेपेक्षा मोठं यंत्र घेतलं की ते सारखं चालू-बंद होत राहतं, वीज जास्त खातं आणि लवकर झिजतं.

मग ते घरभर फिरले. बाहेरच्या भिंतीपाशी उभं राहून विटांच्या सांध्यांवर बोट फिरवलं. डच घरांची भिंत बहुधा दुहेरी असते, दोन थरांमध्ये पाच-सहा सेंटिमीटरची पोकळी. सांध्यांत भोकं पाडून ती पोकळी काचलोकर किंवा थर्माकोलसारख्या मण्यांनी भरता येते. एका घराचं काम एका दिवसात होतं. खर्चाच्या मानानं सगळ्यात जास्त फळ देणारं काम हेच. बाईंच्या भिंतीत भोकं बुजवल्याच्या खुणा नव्हत्या, म्हणजे पोकळी रिकामी होती. पण इथे वटवाघळं मध्ये आली. ही पोकळी वटवाघळांची आवडती जागा आहे. आत वटवाघळं असताना भराव घातला तर ती गुदमरून मरतात. देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानं २०२३ मध्ये बजावलं की आधी पाहणी केल्याशिवाय पोकळी भरता येणार नाही. त्यानंतर हे काम देशभर अडखळलं. गृहस्थ त्यावर चिडले नाहीत. “त्यांचंही घर आहे,” एवढंच म्हणाले आणि पाहणीचा अर्ज कुठे करायचा ते बाईंना लिहून दिलं.

शेवटी ते माळ्यावर गेले, बॉयलरचं झाकण उघडलं आणि पाण्याचं तापमान पंचाहत्तरवरून पन्नासवर आणलं. बाई घाबरल्या. ही परीक्षा मला फार आवडली, कारण तिला एक सेंटही खर्च येत नाही. थंडीच्या आठवड्यात बॉयलरच हीट पंपासारखा चालवून पाहायचा. पन्नास अंशांच्या पाण्यावर ज्या खोल्या गरम राहतात तिथे काही करायची गरज नाही, ज्या राहत नाहीत तिथेच पैसे घालायचे. त्यांनी बाईंना एक वही दिली: रोज सकाळी आठ आणि रात्री नऊ वाजता प्रत्येक खोलीचं तापमान लिहायचं, बाहेरचंही लिहायचं. रात्री तापमान खाली आणून सकाळी भसकन वाढवायची जुनी सवय सोडायची, दिवसरात्र एकाच मापावर संथ चालू द्यायचं. “आणि रेडिएटरसमोरचा सोफा हलवा,” जाताजाता म्हणाले.

जगभर या विषयावर लिहिलं जातं ते यंत्रांबद्दल आणि अनुदानाबद्दल. त्या टेबलाशी बसल्यावर मला वाटलं, खरी टंचाई या गृहस्थांसारख्या माणसांची आहे. ज्याला काही विकायचं नाही, ज्याला घर वाचता येतं आणि जो पुढच्या महिन्यातही बाजाराच्या दिवशी भेटणार आहे.

काम थंडीतच निघतं

बेटाचं पोट पर्यटनावर. वर्षाकाठी लाखो लोक येतात. ईस्टरपासून शरद ऋतूपर्यंत कुणाला घरात खोदकाम नको असतं, कारण खोल्या भाड्यानं गेलेल्या असतात. म्हणजे बॉयलर काढायचा तो नेमका नोव्हेंबर ते मार्चमध्ये, जेव्हा त्याच्यावाचून एक रात्र निघत नाही. म्हणून कारागीर आधी पंप उभा करतात, जुना बॉयलर चालू ठेवून नळ्या जोडतात आणि बदल एका दिवसात उरकतात. काही राहिलं तर घरच्यांना विजेचे हीटर देऊन जातात. एखादा सुटा भाग कमी पडला की मुख्य भूमीवरून पुढच्या बोटीनं.

सुट्टीच्या घरांचं दुखणं वेगळंच. आठवडाभर घर रिकामं, शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे येणार आणि आल्या आल्या त्यांना वीस अंश हवेत. गॅस तासाभरात घर तापवतो, हीट पंप ते सावकाश करतो. एका भाडेघराच्या मालकानं सांगितलं की तो आता पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच मोबाइलवरून पंप चालू करतो. राष्ट्रीय अनुदान मुख्यतः स्वतः राहणाऱ्या घरमालकासाठी आहे. बेटावर इतकी घरं पर्यटकांसाठी असताना ही फट मोठी आहे.

आणि खारी हवा. पंपाचं बाहेरचं यंत्र म्हणजे पातळ ॲल्युमिनियमच्या शेकडो पट्ट्या. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ त्यांना कुरतडतं. म्हणून इथे खास लेप दिलेली यंत्रं घेतात आणि वर्षातून दोनदा गोड्या पाण्यानं धुतात. मी ज्याला धुताना पाहिलं त्या माणसानं बागेच्या नळीची धार मुद्दाम मंद ठेवली होती, जोरात मारली तर पट्ट्या वाकतात. दमट हिवाळ्याचाही त्रास असतो. शून्य ते पाच अंशांच्या ओल्या हवेत या पट्ट्यांवर बर्फ साचतो आणि मग यंत्र काही मिनिटं उलटं चालून स्वतःचा बर्फ वितळवतं. त्या वेळी त्यातून वाफेचा लोट निघतो. पहिल्या हिवाळ्यात लोकांना वाटतं, आग लागली. हे आधी सांगून ठेवणं कारागिराचं काम, पण घाईत ते राहून जातं. आवाजाचाही नियम आहे: २०२१ पासून रात्री शेजाऱ्याच्या हद्दीपाशी ४० डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये. दाटीनं वसलेल्या जुन्या गल्ल्यांत यंत्र ठेवायला जागा सापडणं हेच कोडं होऊन बसतं.

वीज कुठली

बालुमच्या छोट्या विमानतळाशेजारी तेवीस हजार सौर पॅनेल आहेत, सहा मेगावॅटचे. २०१६ साली ते सुरू झाले तेव्हा देशातलं सर्वांत मोठं सौर शेत होतं. मालकी तिघांची, वीज कंपनी एनेको, बेटाची नगरपालिका आणि रहिवाशांची ऊर्जा सहकारी संस्था. सहकार हा शब्द ऐकून मी साहजिकच कान टवकारले. इथे साखर कारखान्यासारखा पसारा नाही. लोकांनी भाग घेतले, सभा भरते, हिशोब वाचला जातो, प्रश्न विचारले जातात. फरक असा की सभासदाला आपलं उत्पादन कुंपणाबाहेर उभं राहून पाहता येतं.

वर्षाची बेरीज केली तर ही वीज साधारण पंधराशे घरांच्या वापराएवढी. पण जूनमध्ये इथे सतरा तासांचा दिवस असतो आणि डिसेंबरमध्ये साडेसात तासांचा. ऊब लागते डिसेंबरात. उन्हाळ्याचं ऊन हिवाळ्यासाठी साठवायचं कसं, हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही. वाडन समुद्र जागतिक वारसा आहे, लाखो स्थलांतरित पक्ष्यांची वाट या बेटांवरून जाते, त्यामुळे पवनचक्क्यांच्या रांगा इथे उभ्या राहिलेल्या नाहीत. बेटाच्या पश्चिमेच्या खाडीत भरती-ओहोटीच्या प्रवाहात पाण्याखालचा पतंग सोडून वीज काढायचा प्रयोग झाला आहे. भरती दिवसरात्र, हिवाळा-उन्हाळा येतेच, म्हणून त्याच्याकडे लोकांचं लक्ष आहे. हिवाळ्याची कमी अजून मुख्य भूमीकडून येणारी वीज भरून काढते.

आमेलांड प्रयोगांना बुजत नाही. २००७ ते २०११ दरम्यान नेस गावातल्या चौदा सदनिकांत नैसर्गिक वायूत हायड्रोजन मिसळून पाहिला, वीस टक्क्यांपर्यंत. त्याच नळ्या, तेच बॉयलर, तीच शेगडी, काही बिघडलं नाही. तरी मला तो रस्ता लांबचा वाटतो. हायड्रोजन फार विरळ असतो, त्यामुळे आकारमानानं वीस टक्के मिसळला तरी उष्णतेतला त्याचा वाटा सातेक टक्केच भरतो. शिवाय विजेपासून हायड्रोजन बनवून तो जाळला तर एका युनिट विजेतून एका युनिटपेक्षा कमी ऊब मिळते. हीट पंप तीन देतो.

२०२० साली सुरू झालेल्या आयानोस या युरोपीय प्रकल्पात आमेलांड आणि अझोर्समधलं तेरसेइरा ही दोन आघाडीची बेटं होती. कोणत्या घराचा पंप कधी चालवावा म्हणजे दुपारची सौर वीज वाया जाणार नाही, अशा गोष्टी तिथे आजमावल्या गेल्या. याला आता पैशाचं कारणही आहे. छतावरची उन्हाळी वीज ग्रिडला देऊन हिवाळ्यात तेवढीच वजा करून घ्यायची सवलत १ जानेवारी २०२७ पासून संपते.

दुसरी बेटं

याच समुद्रातलं फ्लीलांड आणखी छोटं, हजार-बाराशे माणसांचं. २०१८ साली सरकारनं देशभरातल्या सत्तावीस वस्त्या गॅसमुक्तीच्या प्रयोगासाठी निवडल्या आणि १२ कोटी युरो दिले. त्यात फ्लीलांडची एक वस्ती होती. सुरुवातीच्या काही वर्षांत या सत्तावीस ठिकाणी अपेक्षेपेक्षा फारच थोडी घरं गॅसवरून उतरली. पैसा होता, आराखडे होते, पण रहिवाशांशी बोलायला वेळ किती लागतो याचा अंदाजच कुणी केला नव्हता.

तो अंदाज डेन्मार्कच्या साम्सो बेटाला होता. तिथे प्रश्न गॅसचा नव्हता, तेलाचा होता. १९९७ साली डेन्मार्कनं नवीकरणीय ऊर्जेवर जगणारं बेट निवडायची स्पर्धा घेतली आणि चारेक हजार वस्तीचं साम्सो जिंकलं. हे काम पुढे नेणारे सोरेन हर्मनसन तिथलेच, शेतकऱ्याच्या घरातले. ते गावोगावच्या बैठकांना जात राहिले, कॉफी पीत राहिले, लोकांच्या शंका ऐकत राहिले. जमिनीवर अकरा आणि समुद्रात दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण घरांच्या उबेचं काम गव्हाच्या काडानं केलं. शेतातल्या पेंढ्यांचे भारे गावच्या भट्टीत जाळतात आणि गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांनी घरोघर जातं. आधी नाव नोंदवणाऱ्याला जोडणी नाममात्र शुल्कात मिळाली. शेजारी जोडला गेला म्हणून मीही जोडून घेतो, असं करत गावं भरली. आमेलांडवर गव्हाचं काड नाही, वाळू आणि कुरणं आहेत. तिथली भट्टी इथे आणता येणार नाही, तिथला धीर आणता येईल.

ज्यांचा निर्णय दुसऱ्याच्या हातात

घरमालकाला निदान निवड असते. भाडेकरूचं काय? डच गावांत गृहनिर्माण संस्थांची भाड्याची घरं पुष्कळ असतात. दहा किंवा जास्त घरांचं काम एकत्र करायचं तर कायद्यानं सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागते. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. तो संस्थेला दारोदार जायला भाग पाडतो. अशाच एका घरातली तरुण आई म्हणाली की तिला यंत्राबद्दल काही अडचण नव्हती, फक्त भाडं किती वाढेल आणि बिल किती कमी होईल हे कुणी एका कागदावर लिहून देत नव्हतं. तो कागद मिळाला तेव्हा तिनं सही केली.

पैशाची सोय नाही असं नाही. हीट पंपाला अनुदान मिळतं, इन्सुलेशनलाही मिळतं आणि दोन कामं मिळून केली तर इन्सुलेशनचं अनुदान दुप्पट होतं. वर्षाला साठ हजार युरोंपेक्षा कमी कमाई असणाऱ्या घराला बिनव्याजी कर्जाची सोय आहे. पण अनुदान काम झाल्यावर येतं, पैसे आधी घालावे लागतात, आणि अर्ज ऑनलाइन. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला इथे माणूसच लागतो.

हे सगळं पाहताना पुण्यातली आमची गल्ली डोळ्यांसमोर येत होती. तिथे आता पीएनजीच्या पिवळ्या नळ्या भिंतींवरून चढताहेत आणि सिलिंडरची वाट पाहण्यातून सुटलेल्या बायकांना त्याचा आनंद आहे, तो खराच आहे. आपल्याकडे गॅस स्वयंपाकघरापुरता आहे, घराच्या उबेशी त्याचा संबंध नाही. तरी नळी भिंतीत शिरताना पुढच्या साठ वर्षांचा विचार कुणीतरी करायला हवा, एवढं मला तिथे तीव्रतेनं वाटलं. डच लोकांनी तो केला नव्हता, आणि त्याची किंमत आता घरागणिक मोजताहेत.

वहीतले आकडे

मार्चमध्ये तिकडे पुन्हा गारठा पडला. एप्रिलच्या सुरुवातीला भाचीनं होलुमच्या बाईंच्या वहीचे फोटो पाठवले. सुवाच्य अक्षर, रकाने पट्टीनं आखलेले. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर पन्नास अंशांच्या पाण्यावर आठवडाभर वीस अंशांच्या आसपास टिकून होते. निजायची खोली सतरा, ती त्यांना तशीच आवडते. न्हाणीघर मात्र सोळाच्या वर गेलं नाही, आणि उत्तरेकडची छोटी खोली, जिथे नातवंडं झोपतात, पंधरावर अडकली.

म्हणजे घरभर नवे रेडिएटर बसवायची गरज नव्हती, दोन बदलून भागणार होतं. सगळ्यात महाग कोटेशनवाल्यानं सातही बदलायचे लिहिले होते. बाईंनी तिन्ही कोटेशनं परत पाठवली आणि वहीतल्या आकड्यांची प्रत जोडून नव्यानं दर मागितले. वटवाघळांच्या पाहणीची तारीख उन्हाळ्यातली मिळाली आहे, भराव त्यानंतर. यंत्र पुढच्या हिवाळ्याआधी, जमलं तर ऑक्टोबरमध्ये, पर्यटक गेल्यावर. स्वयंपाकाची शेगडीही विजेची करायची आहे. ती झाली की गॅसचा मीटर काढायचा अर्ज करता येईल. पन्नास अंशांची परीक्षा आता पलीकडच्या घरात चालू आहे, आणि वही कशी आखायची ते बाईच शिकवताहेत.